सिंहाच्या तोंडातला कान

“ऐकलं असेल तरी?” तिर्साने विचारलं.

“तरी,” म्हातारा मेंढपाळ यादोन म्हणाला. “शिपाई आले की वेशीतल्या दगडावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मी काही ऐकलं नाही. का, ते विचारायचं नाही.”



तकोवा हे वाळवंटाच्या कडेचं मेंढपाळांचं गाव. देवाचा शब्द लोकांना सांगणारा आमोस संदेष्टा इथलाच. मेंढ्या राखायचा, उंबराची फळं पिकावीत म्हणून त्यांना चिरा द्यायचा. एक दिवस तो उठून बेथेलला गेला आणि राजाच्या देवळात उभा राहून बोलला. त्याला हाकलून दिलं. पुढे तो कुठे गेला, कुणालाच कळलं नाही.

आता बेथेलचे शिपाई गावोगाव फिरत होते. आमोसचं काही ऐकलं नाही, अशी शपथ जो घेणार नाही, त्याला धरून नेत होते. नेलेलं माणूस अजून एकही परतलं नव्हतं.

आमोस बोलला त्या दिवशी तिर्सा लोकर विकायला बेथेललाच होती.

“बाबा, तो खोटं बोलला का?”

“हळू बोल.”

“एका चपलांच्या जोडापायी गरिबाला विकता आणि इथे येऊन देवाला गाणी ऐकवता, असं म्हणाला. गाणी थांबवा, न्याय वाहू द्या, म्हणाला. यात खोटं काय? खरंखोटं पारखायला तुम्हीच शिकवलंत ना त्याला? मलाही तुम्हीच शिकवलंत.”

वेशीवर बाकी पंचांसोबत बसलेला मल्कीया पंच हसला. “तरी मी सांगत होतो, यादोन. मेंढीला मोजायला शिकवू नये.”

“मेंढ्यांना मोजता आलं असतं, काका, तर दुसऱ्यांच्या मेंढ्या परत जाऊन तुमचा कळप अर्धा झाला असता.”

मल्कीयाचं हसू विरलं.

रस्त्यावर धूळ दिसली. गावातली कुत्री भुंकत होती, ती एकाएकी थांबली. कुणाच्या तरी घराचं दार आतून लागलं.

“तिर्सा,” यादोन म्हणाला, “तुझ्या बोलण्याने कोण वाचणार आहे?”

“कुणी नाही.”

“विकली गेलेली माणसं परत येतील?”

“नाही.”

“मग...?”

धूळ जवळ येत होती. तिने हात पुढे केला आणि यादोनच्या गळ्यातली कातडी पिशवी उघडली. आत मेंढीच्या कानाचा एक तुकडा होता, वाळून काळा पडलेला.

सिंहाने मेंढी नेली, तर राखणाऱ्याने तिचं काहीतरी परत आणायचं, अशी तिथली रीत होती. एखादा पाय, निदान कानाचा तुकडा. रिकाम्या हाताने आला, तर मेंढी त्यानेच विकली असं धरत. तरुणपणी यादोनने सिंहाच्या तोंडातून हा कान ओढून आणला होता. उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली.

“मेंढी वाचली होती, बाबा?”

“नाही.”

“मग हात का घातलात?”



शिपाई आले. घोड्यांच्या तोंडाला फेस होता. त्यांचा नाईक घोड्यावरून खालीसुद्धा उतरला नाही.

“सगळ्यात म्हातारा कोण? त्याच्यापासून सुरू करा.”

यादोन पुढे झाला. त्याने उजवा हात दगडावर ठेवला. दगड उन्हाने तापलेला होता.

“म्हण, मी काही ऐकलं नाही,” नाईक म्हणाला.

“मी ऐकलंय,” तिर्सा म्हणाली.

नाईकाने मान वळवली. “काय म्हणालीस?”

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“सगळं ऐकलंय. मी शपथ घेणार नाही.”

पंचांपैकी कुणी ‘पोर अजाण आहे’ म्हणालं नाही. कुणी ‘तोंड आवर’ म्हणालं नाही. मल्कीया जमिनीकडे बघत राहिला. घोड्याने खूर आपटला, तेवढाच आवाज.

दोन शिपाई खाली उतरले आणि तिर्साकडे निघाले.

यादोनने दगडावरचा हात उचलला. बोटं नसलेल्या जागेकडे पाहिलं. मग तो तिर्सा आणि शिपाई यांच्या मधे येऊन उभा राहिला.

“अजून तीन बोटं आहेत,” तो म्हणाला.