हैबतराव महाराजांच्या मिशा आणि घोंगडीची वेबसाइट

हैबतराव महाराजांची घोंगडी कोणी घेईना!

घोंगडीत खोट नव्हती हो. काळंबगडच्या सणगर गल्लीत मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेली, पांघरली की थंडी वाटेतूनच मागे फिरायची. महाराजांनी तिच्यासाठी हौसेनं वेबसाइटही काढली होती. पण ती गूगलवर कुठे दडून बसली होती, कोणाला सापडेल तर शपथ. शेवटी महाराजांनी हुकूम सोडला, "यंदा लोकरीसाठी ठेवलेला सगळा पैसा त्या कंपनीला, जी आमची वेबसाइट गूगलवर वर आणून दाखवेल."

हे ऐकून सणगर गल्लीतले विणकर हवालदिल झाले. पैसा गेला आणि कंपनी भामटी निघाली, तर लोकर कुठली आणि माग कसले? विणायचं काय, डोंबल? धुरपदा ही त्याच गल्लीतल्या विणकराची लेक. घरचा माग बंद पडणार म्हटल्यावर तिला काही सुचेना. खळीचे हात पदराला पुसत ती थेट दरबारात गेली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

तीन कंपन्यांची माणसं आली होती. पहिला चकचकीत कोटवाला पुढे झाला. "महाराज, आम्ही बोलत नाही, करून दाखवतो." त्यानं मोबाइलवर टाइप केलं, 'श्रीमंत हैबतराव महाराज काळंबगडाधिपती यांची राजमान्य घोंगडी', आणि काय सांगावं, महाराजांची वेबसाइट एकदम पहिली! दरबार माना डोलवू लागला. महाराजांची छाती फुगली. खजिनदाराला बोलवा, असं ते म्हणतात न म्हणतात तोच मागून कोणी तरी खुदकन हसलं.

"कोण हसलं ते?"

"मी जी, धुरपदा. अभय असंल तर बोलते." अभय मिळालं तशी ती पुढे आली. "म्हाराज, माझ्या शेळीचं नाव हाय 'ठुमकती झिपरी गंगूबाई सणगरगल्लीवाली'. गंमत म्हणून मी इंटरनेटवर तिचं एक पान काढलंय. जरा शोधा की."

प्रधानजींनी नाक मुरडत शोधलं. शेळी पहिली!

"बघा. त्या नावाचं जगात दुसरं कोणी न्हाईच, तर पहिलं कोण येणार? थंडीनं कुडकुडणारा माणूस तुमच्या पदव्या लिहीत बसंल व्हय? त्यो लिहिणार, 'उबदार घोंगडी'. आता तसं शोधा."

प्रधानजी शोधू लागले. पान सरकवून सरकवून अंगठा दुखला, महाराजांची घोंगडी काही दिसली नाही. कोटवाला कधी सटकला ते कोणाला कळलंही नाही. भर दरबारात फजिती झालेली, महाराज भलतेच चिडले.

"एवढी शहाणी आहेस, तर या दोघांत भरवशाची कंपनी कोणती ते तूच सांग. पण प्रश्न एकच विचारायचा, दोघांनाही तोच. चुकलीस तर माग आजच बंद!"

आता धुरपदाच्या एका वाक्यावर अख्खी गल्ली टांगली होती. ती दोघांकडे वळली आणि तिनं विचारलं, "म्हाराजांच्या वेबसाइटीत चुकतंय काय?"

दुसऱ्या कंपनीचा माणूस मधाळ हसला. "चुकतंय? छे छे, साक्षात महाराजांची वेबसाइट. नाव ठेवायला जागा नाही. काम आम्हाला द्या, पहिला नंबर तुमचाच समजा."

"दुखत काहीच न्हाई, मग औषध कशाचं देणार?" धुरपदा म्हणाली. मधाळ हसू तिथंच विरलं.

तिसऱ्या कंपनीची मालकीण इंदुलेखाबाई. ती पुढे झाली. "महाराज, वेबसाइट उघडली की तुमचा हत्तीवरचा फोटो येतो. तो इतका जड आहे, की मिशा दिसेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं. त्याखाली तुमचा पोवाडा, त्याखाली वंशावळ. घोंगडी कुठेच नाही. किंमत नाही, फोन नंबर नाही. हे आधी सुधारावं लागेल, मग वेबसाइट हळूहळू वर येईल. पण पहिल्या नंबराचं वचन मी कोणालाच देत नाही."

महाराजांच्या मिशा थरथरू लागल्या. "आमच्या मिशा गिऱ्हाईक पळवतात? हाकला हिला!"

"थांबा जी," धुरपदा घाईनं म्हणाली. "काम मिळायच्या आधी जी तुमच्या तोंडावर खरं बोलली, ती काम मिळाल्यावर खोटं कशाला बोलंल? आमच्या गल्लीच्या लोकरीचा पैसा मी हिच्याच हाती देईन."

महाराजांना ते पटलं. पण हट्ट सोडतील तर ते हैबतराव कसले? "बरं, काम हिला. पण पहिल्या पानावर आमचाच फोटो राहणार. तो हटणार नाही म्हणजे नाही."

इंदुलेखाबाईनं लॅपटॉप पिशवीत टाकला. "मग मला जमायचं नाही, महाराज. घोंगडी घ्यायला आलेल्याला घोंगडी दिसायलाच हवी." आणि ती निघाली की!

आता पैसा त्या मधाळ हसणाऱ्याला, म्हणजे लोकर गेलीच. बाई दारापर्यंत पोचली, तशी धुरपदा धावत पुढे झाली, प्रधानजींसमोर नमुन्याला ठेवलेली घोंगडी उचलली आणि महाराजांच्या खांद्यावर टाकली.

"फोटो तुमचाच राहू द्या, म्हाराज. फकस्त घोंगडी पांघरून काढा. गिऱ्हाईकाला तुम्ही बी दिसाल, घोंगडी बी दिसंल. आन् हत्ती वगळला की फोटो बी हलका हुईल!"

महाराजांनी खांद्यावरच्या घोंगडीकडे पाहिलं, दाराशी थबकलेल्या इंदुलेखाबाईकडे पाहिलं, आणि असे खदाखदा हसले की पगडी कानावर आली. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी धुरपदाला दिलं. लोकरीला वेगळा पैसा मंजूर झाला, इंदुलेखाबाईला काम मिळालं, आणि त्याच दिवशी लोकरीच्या गाड्या सणगर गल्लीकडे निघाल्या.

महाराज मात्र, ऐन वैशाखात, घोंगडी पांघरून फोटोवाल्याची वाट बघत बसले.