सबनीससरांचा गुप्त आकडा

"आणि जुळलं तर?" सबनीससरांनी विचारलं.

प्रयोगातल्या उत्तराशी आपलं उत्तर जुळलं नाही तर चूक शोधीन, हे शलाकानं आत्ताच ठणकावून सांगितलं होतं. जुळलं तर काय, याचा बाईसाहेबांनी विचारच केला नव्हता!

अकरा वर्षं तिला एकच ध्यास होता. प्रोटॉनच्या पोटात काय आहे ते पाहायचं. ते कुठल्या भिंगातून दिसणार? म्हणून अवकाशाची जाळी कल्पायची आणि महासंगणकाकडून तिच्या गाठीगाठीवर गणित करवून घ्यायचं. जाळी जितकी बारीक, तितकं उत्तर खऱ्याच्या जवळ.

पण सरांची रीत मोठी कडक. शिष्याचं प्रत्येक उत्तर एका गुप्त आकड्यानं गुणूनच त्याच्या हाती पडे. काम पुरं झालं की मगच तो आकडा मिळायचा. नाहीतर माणूस हवं तेच उत्तर काढून मोकळा होतो, असं सरांचं म्हणणं.

आता सर देवरुखला राहत. वय ब्याऐंशी. शलाका आकडा मागायला थेट त्यांच्या पडवीत येऊन बसली होती.

"जुळलं, तर उरलेलं, सगळ्यात बारीक जाळीचं गणित करशील?"

"...नाही."

"मग?"

"सर, त्याला अजून दोन वर्षं लागतील! मला बघायचंय हो. जीव नुसता तुटतो माझा. आणि तोवर तुम्ही..." तिनं जीभ चावली.

सर उठले. आतून एक बंद पाकीट आणून त्यांनी तिच्या हातात ठेवलं.

"उघड. मी रागावणार नाही."

शलाकानं कडेला नख लावलं...

आणि पाकीट बाकावर ठेवून दिलं. तिला रडू कोसळलं.

"तुमचं बरं आहे, सर! तुम्हाला कसली हुरहुर म्हणून नाहीच."

"दर महिन्याला तू मला तुझ्या उत्तरांचे आलेख पाठवतेस."

"हो."

"आकडा मला पाठ आहे."

शलाकानं डोळे पुसले. म्हणजे खरं उत्तर काढणं एका भागाकाराचं काम! अकरा वर्षं, दर महिन्याला, नुसता एक भागाकार.

"केलात?" तिनं हळूच विचारलं.

"घरात पेन्सिल ठेवत नाही मी."