सरळ हातांचा भाऊ

फार वर्षांमागे, खनिज तेलाच्या एका टाकीत दोन थेंब राहत. सख्खे भाऊ. वजन सारखं, वास सारखा, एकाच आचेला दोघंही उकळत. फरक एवढाच, की थोरल्याचे दोन हात विरुद्ध दिशांना सरळ ताणलेले होते आणि धाकट्याचे दोन्ही एकाच बाजूला ओढलेले.

टाकीत बारीक छिद्रांचा एक दगड होता. सरळ हातांचा थेंब दिसला की तो आत ओढून घेई, वाकड्या हातांच्याला दारातच अडवी. एके दिवशी त्याने थोरल्याला ओढलं. जाताना थोरला म्हणाला, "आलोच रे." तो आलाच नाही.

धाकट्याने दगडावर डोकं आपटलं. "माझा भाऊ दे!"

"आधी हात सरळ करून ये," दगड म्हणाला.

शेजारीच आंबटराव नावाचा आम्लाचा थेंब बसलेला असे. दुसऱ्यांचे हात उपटून भलतीकडे बसवायचे, हा त्याचा उद्योग. स्वतः मात्र तसूभरही झिजत नसे.

"दुखेल हं, पोरा," तो म्हणाला. "आणि पुन्हा वाकडा झालास तर मला शिव्या द्यायच्या नाहीत."

"उपट!" धाकटा ओरडला.

हात सरळ होताच तो छिद्रात घुसला. आतली खोली रिकामी होती. थोरल्याला केव्हाच धुऊन, मागच्या दाराने पॉलिएस्टरचा धागा बनवायला नेलं होतं.

दगडाने त्याला न्याहाळलं आणि तो खेकसला, "थोरल्या, परत आलास? मग धाकट्याला बाहेर एकटा टाकून आलास की काय?"

धाकट्याने आपल्या हातांकडे पाहिलं. ते हुबेहूब भावाचे होते.

"नाही," तो म्हणाला. "त्यालाही घेऊन आलोय."