लुमा परटाचा दोर

शके अठराशे चोवीस. वैशाख वद्य पंचमी. ऊन असं की ओढ्यातल्या दगडाला हात लावला तर चटका बसायचा. त्या दिवसाची ही गोष्ट. वर्ष चुकत नाही. आमच्या गावात ते पाठ असतं.

गाव बोरनाळे. आता शहरानं ते पोटात घेतलंय. वेशीसमोर सात मजल्यांच्या इमारती आहेत. तेव्हा शहर दीड कोस लांब होतं आणि गावात एकेचाळीस घरं होती. पहाटे दुधाच्या घागरी डोक्यावर घेऊन माणसं शहरात जायची. त्यावर गाव जगायचं. दुधात ओढ्याचं पाणी घालायचे. सगळे घालायचे. लपवत नाही.

गावाबाहेर ओढ्याच्या काठी लुमा परीट राहायचा. बायको गेली होती. लेकरू झालं नव्हतं. बोलायला गाढव तेवढं होतं, आणि ते म्हातारं झालं होतं. लोक मागच्या दारातून कापडं द्यायचे, मागच्या दारातून घ्यायचे. त्याला कुणी बस म्हणायचं नाही.

लुमाला अक्षर येत नव्हतं. पण कापडावरून त्याला घर कळायचं. पदराचं टोक चावून चावून विरलेलं असलं की सून झुरतेय. सदरा खांद्यावर फाटला की भावाभावांत जुंपली. सणानंतरच्या कापडाला तुपाचा वास नसला की सण कोरडा गेला. गठुडं नुसतं हातात धरलं तरी घर सुखी आहे की नाही हे त्याला कळायचं, असं म्हणतात. वैद्याच्या आधी गावाची तब्येत त्याला ठाऊक. पण एका घरचं दुसऱ्या घरी सांगायचं नाही, हा त्याच्या बापाचा नेम. तो त्यानं मोडला नाही.

प्रत्येक घराच्या कापडावर कोपऱ्यात बिब्ब्याची खूण असायची. कुठं ठिपके, कुठं रेघा, कुठं फुली. कुठली खूण कुणाची, ते त्या घराला माहीत आणि लुमाला माहीत. तिसऱ्याला नाही.

त्या वैशाखात एका मागच्या दारातून एक चादर आली. दुसऱ्या कापडात गुंडाळून. लुमानं ती उघडली आणि ओळखलं. पटकी, म्हणजे कॉलरा.

दुसऱ्या दिवशी तीन चादरी आल्या. आठवड्यात एकोणतीस झाल्या. पाणवठ्यावर मात्र बाया एकमेकींना सांगायच्या, "आमच्याकडं सगळं बरं आहे." माणूस मेलं तर ऊन लागलं म्हणायचे. दुखणं बाहेर फुटलं तर शहराचा नाका बंद होईल, दूध ओतून देतील, ही भीती. प्रत्येकाला वाटायचं, दुखणं आपल्याच घरात आहे. सगळ्या गावात आहे हे एका माणसाला माहीत होतं, आणि त्याला बोलायचं नव्हतं.

लुमानं एकच केलं. त्या चादरी ओढ्याला लावल्या नाहीत. गावातली बहुतेक घरं तेच पाणी पीत होती. तो पाणी वर माळावर वाहून न्यायचा, तिथं भट्टी लावायचा, कापडं उकळायचा आणि मळकं पाणी लांब खड्ड्यात ओतायचा. चार दिवस झाले, सहा झाले. कापडं मिळेनात म्हणून गाव चिडलं. आठव्या दिवशी शिदोजी पाटील घोड्यावरून भट्टीपाशी आले.

"लुमा, कापडं उकळतोयस का पुरणाची डाळ शिजवतोयस?"

"कापडंच आहेत, पाटील. वेळ लागतो."

"ओढा तिथं वाहतोय. आणि तू माळावर पाणी चढवतोस?"

"ओढ्याला नाही लावायची ही."

पाटील जवळ आले. आवाज खाली आणला. "कुणाकुणाच्या घरची आहेत?"

"ते मी सांगत नसतो."

"माझ्या घरचंही?"

"कुणाचंच नाही, पाटील."

"बोललास तर गावात राहणार नाहीस," पाटील म्हणाले आणि घोडा वळवला. त्यांच्या मागच्या खोलीत त्यांचा चार वर्षांचा मुलगा निजून होता. चादर आदल्याच दिवशी आली होती.

 

वद्य पंचमीला सकाळी गाव उठलं तर वेशीपासून चावडीपर्यंत दोर बांधलेला. दोरावर एकोणतीस चादरी. पांढऱ्याशुभ्र. कोपरे बाहेर काढलेले, खुणा दिसतील अशा. वारा नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं, तरी चादरी हलत होत्या, असं म्हणतात. दोराखाली लुमा उभा. तो एवढंच म्हणाला:

"आजाऱ्यांची कापडं आहेत. धुऊन वाळली. ज्याची त्यानं न्यावीत."

ज्यानं त्यानं आपली खूण पाहिली. मग बाकीच्या अठ्ठावीस पाहिल्या. कुणी हलेना. उन्हं डोक्यावर आली.

शेवटी पुतळाबाई गवळण पुढं झाली. तोंडाची फटकळ बाई. चादर ओढून खांद्यावर टाकली.

"ही माझ्या नातीची. आता काय म्हणायचं ते म्हणा. आणि तुम्ही काय दोराची लांबी मोजताय? न्या की आपापली!"

मग एक गेला. मग दुसरा. जावा जावा गेल्या. सहा महिने न बोलणारे भाऊ शेजारी उभे राहून चादरी काढू लागले. कुणी रडलं. कुणी विचारलं, "तुमच्याकडं कोण?" असं विचारणं गावात पहिल्यांदा झालं.

दोर रिकामा झाला तेव्हा कुणाची चादर नव्हती तेही दिसलं. ती सगळी घरं देवळाच्या विहिरीचं पाणी भरणारी. पुतळाबाई म्हणाली, "म्हणजे ओढाच नासलाय. लुमा कापडं उकळतो तसं पाणी उकळा. आणि आजपासून दूध जायचं नाही. शहरातही लेकरं आहेत." एकवीस दिवस बोरनाळ्याचं दूध गेलं नाही. गाव आंबील पिऊन राहिलं. दुखणं हटलं.

दोर रिकामा झाला म्हणालो, पण एक चादर उरली होती. विहिरीवर पाणी न भरणारं, आणि चादर न्यायला न आलेलं घर गावात एकच होतं. सगळ्यांना कळलं. कुणी बोललं नाही. परटाचा नेम त्या दिवशी गावानं उचलला.

लुमा त्या चादरीखाली बसून राहिला. दुपार गेली. तिसरा प्रहर गेला. लोक आपापल्या आजाऱ्यांकडं गेले. तुझं कसं आहे, असं लुमाला कुणी विचारलं नाही. त्याची चादर वाळत घालणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो तिथंच गेलेला सापडला. दुखण्यानं त्यालाही गाठलं होतं. माळावरची भट्टी लाकूड न घालता तेरा दिवस जळत राहिली आणि त्याचं गाढव तिच्याभोवती फिरत राहिलं, असं म्हणतात. उरलेल्या चादरीवर धुळीचा कण बसला नाही, असंही म्हणतात.

अजून वैशाख वद्य पंचमीला बोरनाळ्यात दोर बांधतात. एका बाजूला वेस, दुसऱ्या बाजूला चावडी, आता तिथं बँक आहे. त्यावर एकच पांढरी चादर घालतात. जुनी विरली की नवी आणतात आणि कोपऱ्यात बिब्ब्यानं तीच खूण करतात. दोन ठिपके, खाली आडवी रेघ. संध्याकाळपर्यंत वाट बघतात. कुणी येत नाही. मग चादर घडी करून ओढ्याकाठच्या लुमाच्या धुण्याच्या दगडावर ठेवतात. इमारतीतली नवी माणसं विचारतात, चादर कुणाची? गाव म्हणतं, माहीत नाही. इमारतीत कुणी आजारी पडलं की तीही आता गॅलरीत पांढरं कापड घालतात, आणि शेजारी पेज घेऊन येतात.

शिदोजी पाटलांचा मुलगा जगला. तो माझा आजा. त्याच्या लहानपणीचं एक अंगडं आमच्या पेटीत आहे. कोपऱ्यात दोन ठिपके, खाली आडवी रेघ. ती चादर आणायला पणजा गेला नाही. आजा गेला नाही. बाप गेला नाही. ऐंशी वर्षं मीही गेलो नव्हतो.

यंदा वद्य पंचमीला भर दुपारी मी दोरापाशी गेलो. सगळे होते. "ही आमची," म्हणालो. दोरावरची चादर काढली, खांद्यावर टाकली आणि पुढच्या दारानं घरात आणली.