डॉ. चौगुले राउंडला निघाले

“...पण सर, झोपेची गोळी देताय की नाही, तेवढं सांगा!”

हे डॉ. मकरंद चौगुले ओरडून बोलला, की तसं ओरडावंसं त्याला नुसतं वाटलं, याची खात्री तो आज देत नाही. त्या दिवसांतलं त्याला बरंच धूसर आठवतं. कोविडचा वॉर्ड गच्च भरलेला. ड्यूटी संपली तरी डोळ्याला डोळा लागत नव्हता. सकाळीच इंजेक्शन भरताना त्याचा हात थरथरला, आणि रूथ सिस्टरांनी सिरिंज हळूच काढून घेतली होती.

मुजावर सर त्याचे विभागप्रमुख. त्यांच्याच हाताखाली तो शिकला होता. सर चहावर फुंकर घालत होते.

“गोळी कशाला? शेजारची खोली रिकामी आहे. झोप जा.”

“आणि माझे पेशंट? पाठीवर माझं नाव दिसलं की त्यांना धीर येतो, सर.”

“नाव दिसलं की?”

“हो.”

“अस्सं...”

सरांनी कप ठेवला. मकरंदसाठी नवं पीपीई किट काढून ठेवलेलं होतं, पाठीवर मार्करने ठळक ‘डॉ. चौगुले’. सरांनी ते अंगावर चढवलं. सर त्याच्याहून वीतभर बुटके. पायाशी चुण्याच चुण्या.

“सर, हे काय?”

“तू झोप रे. डॉ. चौगुले राउंडला निघालेत.”

सर परतले की चांगलं रागवावं म्हणून मकरंद शेजारच्या खोलीतल्या कॉटवर बसला... आणि ते राहूनच गेलं.

ऊन कलल्यावर तो दचकून उठला, दुसरं किट चढवून धडपडत वॉर्डात शिरला. पहिल्याच खाटेवरचे कोष्टी आबा खुदखुदले.

“मघाशी लई हसवलासा, डॉक्टर! आता परत कपाळाला आठ्या?”

“मघाचेच बरे होते,” पलीकडून कुणीतरी म्हणालं.

मकरंद खट्टू होऊन परतला.

“सर, तो मी नव्हतो हे कुणीच ओळखलं नाही.”

“नाही ना? बघू, हात पुढे कर.”

हात स्थिर होता.

काही वर्षांनी, रूथ सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी, वॉर्डात सरांना कुणीच कसं ओळखलं नाही, हे त्याने त्यांना विचारलंच. सिस्टरांना हसू आवरेना.

“अहो, दारातच सांगितलं की सरांनी! ‘डॉक्टर झोपलेत. उठले की कुणी काही बोलू नका, नाहीतर पुन्हा झोपायचे नाहीत.’ आबांनी तर अख्ख्या वॉर्डाची तालीम घेतली!”

मकरंद तसाच सरांच्या घरी गेला.

“सर, म्हणजे इतके सगळे पेशंट त्या दिवशी मलाच सांभाळत होते?”

सरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

“कुठले सगळे? वॉर्डात त्या दिवशी पेशंट एकच होता रे.”