आधी मुख, मग पुतळा

रानवडी संस्थानात एक रिवाज होता. महाराजांची नुसती तसबीर जरी उघड्यावर नेली, तरी तिच्यावर छत्र धरायचं. ते धरण्याचा मान दिवाणसाहेबांचा, आणि त्या मानाचा त्यांना कोण गर्व!

ऐन वैशाखात तळ्याकाठी महाराजांचा दगडी पुतळा घडू लागला. उन्हानं दोन पाथरवट भोवळ येऊन पडले, तशी त्यांची म्होरकी तानूबाई दिवाणांकडे गेली.

"साहेब, कामावर मांडव घाला. नाहीतर एखादा जिवानिशी जाईल."

दिवाण हसले. "छत्र महाराजांवर धरतात, पाथरवटांवर नाही."

तानूबाई कामावर परतली. पुतळ्याचं मुख एरवी शेवटी घडवतात, पण तिनं आधी मुखच घ्यायला लावलं. का, ते कोणालाच कळेना. नाक उमटलं, मिशा उमटल्या, आणि त्याच दुपारी ती धावत दरबारात शिरली.

"महाराज, तुमचं मुख उघड्यावर तापतंय आणि वर छत्र नाही!"

महाराजांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाण गडबडले. "आत्ता छत्र पाठवतो."

"नुसतं पाठवून कसं चालेल, साहेब? मान तुमचा. पुतळा पुरा होईस्तोवर रोज तुम्हीच धरून उभं राहायचं. पाण्याचा माठ आम्ही जवळ ठेवू."

महाराज मिशीतल्या मिशीत हसले. दिवाणांनी खिडकीबाहेरचं रणरणतं ऊन पाहिलं आणि ते ओरडले,

"मुख उघड्यावर नकोच! मांडव घाला रे, लगेच! आणि चांगला ऐसपैस घाला, कुठल्याच बाजूनं ऊन यायला नको!"