भुंगेआजोबांची तार तुटली तेव्हा

किडेसुद्धा गिटार वाजवायचे, त्या काळातली गोष्ट. टिंगू नाकतोडा इतक्या स्पीडने वाजवायचा की त्याचे हातच दिसायचे नाहीत. तरी गवतातल्या जत्रेत शेवटचा मान दरवर्षी भुंगेआजोबांनाच!

"अरे यार, तीच चार सुरांची धून! माझ्या पणजीनेपण हीच ऐकली असणार," टिंगू मुंगीमावशीपाशी करवादला.

"गप रे मेल्या, ऐकू दे!"

तेवढ्यात आजोबांची तार तटकन तुटली. "संपलं एकदाचं! आता मी!" म्हणत टिंगू टुणकन स्टेजवर चढला.

पण धून थांबलीच नव्हती. मुंगीमावशी गात होती, तिची पिल्लं गात होती, गोगलगायआजीसुद्धा डोलत गात होती.

"काय वैताग आहे!" म्हणत टिंगूने गिटार उचलली, आणि त्याच्या हातांनी आपसूक तीच धून धरली.